साडेसातशेच्या पासात मावणारं पुणे

४७५. केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार एवढी महाविद्यालयं एकट्या पुणे जिल्ह्यात आहेत. सबंध महाराष्ट्रात त्या वर्षी ४,६९२ होती, म्हणजे राज्यातलं दर दहावं कॉलेज पुणे जिल्ह्यातलं. देशात बंगळुरू, जयपूर आणि हैदराबादपाठोपाठ पुण्याचा चौथा क्रमांक लागतो.

एवढ्या कॉलेजांतल्या पोरापोरींनी शनिवार-रविवारी करायचं काय? खोलीभाडं आणि मेसचे पैसे वजा झाल्यावर हातात फारसं उरत नाही. त्यामुळे महिन्याच्या सुरुवातीला मॉल आणि मल्टिप्लेक्स, अखेरीला खोलीत मोबाइल, असा अनेकांचा क्रम ठरून जातो. पण पुण्यात मजा करायला लागणारा मोठा खर्च बहुतेकांनी आधीच केलेला असतो. तो म्हणजे बसचा पास.

पासाचं गणित

जून २०२५ मध्ये पीएमपी या शहर बससेवेची भाडेवाढ झाली. सर्वसाधारण मासिक पास ९०० वरून १,५०० रुपयांवर गेला, पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिकांच्या हद्दीतला दैनिक पास ७० रुपयांचा झाला. विद्यार्थ्यांचा मासिक पास मात्र ७५० रुपयांवरच ठेवला गेला. दिवसाला पडतात २५ रुपये. पास कॉलेजसाठी काढलेला असतोच, त्यामुळे महिन्यातले आठ सुटीचे दिवस शहर हिंडायला वेगळा छदाम लागत नाही. तेच आठ दिवस दैनिक पासावर काढले तर ५६० रुपये जातील. हद्दीबाहेर, पीएमआरडीएच्या म्हणजे महानगर प्रदेशाच्या क्षेत्रात जायचं तर दैनिक पास १५० रुपयांचा. मेट्रोचं तिकीट १० ते ३५ रुपये, त्यात विद्यार्थ्यांना ३० टक्के सवलत. म्हणजे अगदी लांब जायचं म्हटलं तरी एका दिवसाचा प्रवास दीडशेत बसतो.

सकाळ: चढणीची

पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत. नेहमीच्या चालीने दहा-पंधरा मिनिटांत वर पोहोचता येतं आणि अख्खं शहर पायाशी दिसतं. पहिल्या वर्षाला बाहेरगावाहून आलेल्या मुलाने सगळ्यात आधी इथे यावं. आपलं कॉलेज कुठे, नदी कुठे, पेठा कुठे, हे एका नजरेत कळतं.

पुढची पायरी सिंहगड. शहरापासून सुमारे ३० किलोमीटर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,३१२ मीटर, म्हणजे पुण्याहून साधारण ७५० मीटर उंच. स्वारगेटहून पायथ्यापर्यंत बस आहे. आतकरवाडीच्या वाटेने पहाटे चढायला लागलं, तर ऊन चढायच्या आत माथा गाठता येतो. वर गेल्यावर घाम पुसत चुलीवरची भाकरी, पिठलं, खेकडा भजी आणि मडक्यातलं दही. चौघांत मागवलं की कुणाच्याच खिशाला फार जड जात नाही.

दुपार: सावलीतली

बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात २० हजारांवर वस्तू आहेत. संस्थापक दिनकर ऊर्फ काका केळकरांनी आयुष्यभर गोळा केलेला हा ठेवा १९७५ मध्ये राज्य सरकारकडे सोपवला. त्यातल्या सुमारे २,५०० वस्तू मांडलेल्या असतात. प्रत्येकीसमोर अर्धा मिनिट थांबायचं ठरवलं तरी जवळजवळ २१ तास लागतील. तेव्हा एका खेपेला एकच गोष्ट धरावी. नुसते अडकित्ते पाहा. सुपारी कातरायच्या रोजच्या वापरातल्या वस्तूला पक्ष्याचा, प्राण्याचा आकार देणारा कारागीर समजून घ्यायला एक दुपार पुरत नाही. डिझाइन आणि वास्तुकला शिकणाऱ्यांना तर ही जागा वर्गाइतकीच उपयोगी आहे.

संध्याकाळ: स्वतः केलेली

इथवरचं सगळं पाहण्याचं झालं. पुण्याची खरी श्रीमंती विद्यार्थ्यांनी स्वतः उभं केलेल्या मजेत आहे. सीओईपीच्या, म्हणजे पूर्वीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या, बोट क्लबची रेगाटा १९२८ पासूनची. मुठेच्या पाण्यावर होड्यांच्या कवायती आणि मशाली घेऊन होणारा खेळ विद्यार्थीच बसवतात.

आणि पुरुषोत्तम करंडक. महाराष्ट्रीय कलोपासकने १९६३ मध्ये ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा सुरू केली. प्राथमिक फेरीत ५१ संघ, त्यांतून नऊ अंतिम फेरीत. एका संघात रंगमंचावरचे आणि पडद्यामागचे मिळून १५ जण धरले, तर एका मोसमात ७६५ विद्यार्थी नाटक करत असतात. आठवडेच्या आठवडे तालमी चालतात, सेटच्या फळ्या टेम्पोत चढवल्या जातात, आणि भरत नाट्य मंदिरात पडदा वर जाण्याआधी ‘अरे आवाज कुणाचा’ने सभागृह दणाणतं. ५१ पैकी ४२ संघ प्राथमिक फेरीतच थांबतात. तरी पुढच्या वर्षी तीच कॉलेजं पुन्हा उभी राहतात, कारण बक्षिसाहून मोठं काहीतरी त्यांना तालमीत मिळालेलं असतं. तिकीट काढून विकत घेतलेल्या कोणत्याही करमणुकीत हे मिळत नाही.

अडतं कुठे?

पैशांवर फार थोडं अडतं. अडतं ते परतीवर. प्रयोग, मैफल, व्याख्यान संपतं रात्री, तेव्हा बस विरळ झालेली असते आणि हॉस्टेलचं दार बंद व्हायची वेळ जवळ आलेली असते. रिक्षाचं एका वेळचं भाडं पासामुळे आठवडाभर झालेल्या बचतीवर पाणी फिरवतं. मुलींच्या बाबतीत तर पैसे असूनही हाच प्रश्न आडवा येतो. मग त्या संध्याकाळच्या कार्यक्रमालाच जात नाहीत. शहराने दिलेला निम्मा आनंद असा त्यांच्या वाट्याला येतच नाही.

यावर उपाय फार खर्चीक नाही. करंडकाच्या आणि मोठ्या महोत्सवांच्या दिवसांत नाट्यगृहांपासून हॉस्टेलं असलेल्या भागांकडे रात्री उशिराच्या ठरावीक बस सोडाव्यात. कॉलेजांनी तालीम आणि प्रयोगाच्या रात्री हॉस्टेलची वेळ वाढवावी, मुलामुलींना सारखीच. विद्यार्थ्यांसाठी पास ७५० रुपयांवर ठेवणाऱ्या पुण्याने तो पास रात्री दहानंतरही उपयोगी पडेल, एवढं पाहायला हवं.