दोन शेजारणी : गोंडी आणि कोरकू

पवना नदीजवळचे आमचे पुनावळे गाव काही वर्षांपूर्वीपर्यंत शेतीवर जगत होते. आज तेथे उंच उंच इमारती उभ्या राहत आहेत, आणि त्या बांधण्यासाठी दूरदूरचे मजूर मुलाबाळांसह येऊन राहिले आहेत. एके दिवशी सायंकाळी फिरावयास गेलो असता वाळूच्या ढिगाऱ्याशी दोन मुली खडे खेळताना दिसल्या. एकीने खडे मोजले, “उंदी, रंड, मुंद, नालुंग, सैयुंग.” दुसरीची पाळी आली तेव्हा तिने मोजले, “मिया, बारिया, आफई, उफुन, मोनोई.” पहिली गडचिरोली जिल्ह्यातील, तिची भाषा गोंडी. दुसरी अमरावती जिल्ह्यातील मेळघाटची. तिची भाषा कोरकू. जवळच उभे असलेले एक गृहस्थ म्हणाले, “ही सारी रानातली बोली. सगळी एकच!”

विद्यार्थिमित्रांनो, त्या गृहस्थांचे म्हणणे खरे आहे काय?

दोन भाषांचे नाते पाहावयाचे असेल तर बाजारातून आलेले शब्द बाजूला ठेवावे लागतात. ‘बस’ किंवा ‘साबण’ हे शब्द कोणतीही भाषा कोणाकडूनही उसने घेते. परंतु लहान संख्या, शरीराचे अवयव, पाणी, आई-बाप यांची नावे सहसा पूर्वजांकडूनच मिळालेली असतात. आपली मराठीच पाहा. आपले ‘दोन’ व ‘तीन’ आणि लॅटिन भाषेतील ‘दुओ’ व ‘त्रेस’ यांचे साम्य लपत नाही. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच मुळातून निघाल्या असाव्यात, असे विल्यम जोन्स या पंडिताने कलकत्ता येथे १७८६ साली सांगितले होते.

हीच कसोटी त्या दोन मुलींच्या खड्यांना लावू. गोंडीतील ‘मुंद’ म्हणजे तीन. तेलुगूत तीनला ‘मूडु’, कानडीत ‘मूरु’ म्हणतात. गोंडीतील ‘नालुंग’ म्हणजे चार. तेलुगूत ‘नालुगु’, कानडीत ‘नाल्कु’. हाताला गोंडीत ‘कै’ म्हणतात आणि तमिळ व कानडीतही ‘कै’च. तेव्हा गोंडी ही द्राविडी कुळातील, म्हणजे तेलुगू, कानडी आणि तमिळ यांची बहीण होय.

कोरकूचे घराणे मात्र निराळे आहे. कोरकूत चारला ‘उफुन’ म्हणतात, तर झारखंडातील संथाळीत ‘पोन’. हाताला कोरकूत ‘ती’ म्हणतात आणि संथाळीतही ‘ती’च. संथाळी, मुंडारी, कोरकू या मुंडा शाखेच्या भाषा होत. या शाखेचे मूळ कूळ ऑस्ट्रो-आशियाई नावाने ओळखले जाते आणि त्याचा विस्तार थेट व्हिएतनामपर्यंत आहे. व्हिएतनामच्या भाषेत चारला ‘बोन’ आणि हाताला ‘ताय’ म्हणतात! मेळघाटात कोरकूच्या शेजारी गोंडही राहतात. पण कोरकू भाषेचे नातलग शेकडो कोस दूर आहेत. सर जॉर्ज ग्रियर्सन यांच्या देखरेखीखाली झालेल्या भारतीय भाषांच्या पाहणीचा चौथा खंड १९०६ साली प्रसिद्ध झाला. त्यात मुंडा आणि द्राविडी ही दोन कुळे वेगवेगळी मांडलेली आहेत.

कुळे निराळी, म्हणून व्याकरणेही निराळी. आपण मराठीत नामांची तीन लिंगे मानतो. गोंडीत दोनच वर्ग आहेत. पुरुष एका वर्गात आणि उरलेले सारे दुसऱ्या वर्गात. म्हणून पुरुषाला ‘ओर’ म्हणतात. पण स्त्री असो की झाड असो, ‘अद’ हे एकच सर्वनाम चालते. कोरकूत स्त्री-पुरुष हा भेद व्याकरणात नाही. तेथे सजीव आणि निर्जीव असे वर्ग आहेत. ‘कोरो’ म्हणजे माणूस आणि ‘कोरोकू’ म्हणजे माणसे. या लोकांचे नावच ‘माणसे’ या अर्थाचे आहे. संस्कृतात होते ते द्विवचन मराठीने टाकून दिले. कोरकूने ते आजही जपले आहे.

यापुढची गोष्ट अधिक मनोरंजक आहे. मराठीत ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा वगळला जातो आणि ‘आपण’ म्हटले की तोही सामील होतो. प्रमाण हिंदीत या दोहोंसाठी ‘हम’ हा एकच शब्द आहे. कोरकूत मात्र चार शब्द आहेत. मी आणि तू मिळून ‘आलांग’; मी आणि तिसरा कोणी, पण तू नव्हे, ‘आलिंग’; तुला वगळून आम्ही पुष्कळ जण ‘आले’; आणि तुझ्यासह आपण सर्व ‘आबुंग’. जिला लोक रानटी म्हणतात तिची बारकाई ही अशी आहे.

मग या दोन भाषांत काहीच सारखे नाही काय? आहे. मराठी, गोंडी, कोरकू या तिन्ही भाषांत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. व्हिएतनामी भाषेत ते कर्त्यानंतर, कर्माच्या आधी येते. शतकानुशतके एकत्र नांदल्यामुळे शेजाऱ्यांच्या लकबी एकमेकांना लागतात. रक्ताचे नाते शब्दांत उरते. शेजाराचे नाते बोलण्याच्या वळणात दिसते.

हे सारे मला फार उशिरा कळले. मी मुख्याध्यापक असताना माझ्या वर्गात मेळघाटातून आलेला एक मुलगा होता. तो निबंधात ‘भिंत पडला’, ‘आई आला’ असे लिही. मी तांबड्या शाईने ‘भाषा कच्ची’ असा शेरा मारी. वार्षिक परीक्षेपूर्वीच त्याने शाळा सोडली. त्याच्या घरच्या भाषेत भिंतीला लिंगच नाही, हे मला ठाऊक असते तर शेरा मारण्याऐवजी मी त्याला जवळ बसवून समजावून सांगितले असते. त्याची भाषा कच्ची नव्हती. माझे ज्ञान कच्चे होते.

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात गोंडी बोलणारे सुमारे तीस लाख आणि कोरकू बोलणारे सव्वासात लाखांहून अधिक लोक होते. पण भाषा टिकते ती केवळ संख्येने नव्हे. घरची भाषा बोलताना मुलाला लाज वाटू लागली की एका पिढीतच ती ओठांवरून जाते.

त्या सायंकाळी परत निघालो तेव्हा डाव पुन्हा रंगला होता. कोरकू मुलगी आता “उंदी, रंड” म्हणू लागली होती आणि गोंड मुलगी “मिया, बारिया”. ‘सगळी एकच’ म्हणणाऱ्या गृहस्थांना जे जाणवले नाही, ते त्या मुलींना ठाऊक होते. भाषा दोन आहेत, म्हणूनच एकमेकींकडून शिकण्यासारखे काही आहे. तुमच्या वर्गातही असे एखादे मूल असेल. त्याला त्याच्या भाषेत पाचपर्यंत मोजावयास सांगा आणि तुम्हीही मोजावयास शिका. मग ‘आम्ही’ न म्हणता ‘आपण’ म्हणणे सोपे जाईल.