स्थिर लिनक्स प्रणालीवर नवे वेब सर्व्हर सॉफ्टवेअर : गरज, मार्ग व जबाबदारी

प्रस्तावना :
डेबियन या लिनक्स वितरणातील 'स्थिर' या शब्दाचा अर्थ 'कधीच न बिघडणारी' असा नाही. प्रसिद्धीनंतर जिच्यातील सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या सहसा बदलल्या जात नाहीत, ती प्रणाली स्थिर होय. जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेबियन १२ मध्ये एनजिनएक्स या वेब सर्व्हरची १.२२ ही आवृत्ती आहे. एचटीटीपी/३ ची सोय मात्र मे २०२३ मधील १.२५ पासून उपलब्ध झाली. अशा वेळी काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

गरजेची तपासणी :
जुना क्रमांक म्हणजे असुरक्षित सर्व्हर, हा समज चुकीचा आहे. सुरक्षेतील त्रुटी आढळल्यास डेबियनचे स्वयंसेवक तिची दुरुस्ती जुन्याच आवृत्तीत करतात. मूळ क्रमांक तोच राहून पॅकेजच्या क्रमांकाचा शेवटचा भाग तेवढा बदलतो. म्हणून एखादी विशिष्ट सोय आवश्यक असेल तरच नवी आवृत्ती घ्यावी.

उपलब्ध मार्ग :
१) बॅकपोर्ट्स : आगामी डेबियनमधील निवडक पॅकेजे स्थिर प्रणालीसाठी पुन्हा बांधून येथे ठेवली जातात. स्पष्टपणे मागितल्याशिवाय ती बसत नाहीत. मात्र हवे ते पॅकेज तेथे असेलच असे नाही.
२) निर्मात्यांचे भांडार : एनजिनएक्सचे निर्माते डेबियनसाठी स्वतंत्र पॅकेजे देतात. भांडाराची स्वाक्षरी-किल्ली पडताळून घ्यावी आणि अ‍ॅप्टच्या प्राधान्यक्रमात ते भांडार केवळ या एका पॅकेजपुरते मर्यादित करावे.
३) सोर्स कोडवरून बांधणी : येथे पूर्ण मोकळीक मिळते, परंतु अ‍ॅप्टला या सॉफ्टवेअरची माहितीच नसल्याने प्रत्येक सुरक्षा-दुरुस्तीच्या वेळी बांधणी स्वतः करावी लागते.

दक्षता :
दोन्हीकडील पॅकेजांची मांडणी भिन्न असते. डेबियनमध्ये सर्व्हर 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' या वापरकर्त्याच्या नावे चालतो, तर निर्मात्यांच्या पॅकेजात 'एनजिनएक्स' या नावे. त्यामुळे फाइलींचे अधिकार तपासावे लागतात. जुन्या आवृत्तीसाठी बांधलेली मोड्यूल्स नव्या आवृत्तीत चालत नाहीत. म्हणून संरचना-फाइलींची प्रत आधी राखून ठेवावी, प्रयोग चाचणी-यंत्रावर करावा आणि सर्व्हर पुन्हा सुरू करण्यापूर्वी संरचना तपासून घ्यावी.

निष्कर्ष :
नवी आवृत्ती बसविणे हे काही मिनिटांचे काम आहे. तिची निगा राखणे हे वर्षांचे. डेबियनच्या सुरक्षा-पथकाची जबाबदारी बॅकपोर्ट्सवर वा बाहेरील पॅकेजांवर लागू होत नाही. ती कोण घेणार हे आधी निश्चित करावे. मगच स्थिर प्रणालीला हात लावावा.