अंगणातली सदाफुली

आपल्या वाशीम जिल्ह्यात काळी जमीन पुष्कळ. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसाळ्यात तिचा चिखल होतो. मग घरापुढची जागा उघडीच पडून राहते. अशा जागेला सदाफुली फार चांगली. झाड ठेंगणे, गुडघ्याएवढे. पाने बारा महिने हिरवी. फुले पांढरी नाही तर गुलाबी, पाच पाकळ्यांची. सदा फुलते म्हणून सदाफुली.

आता लावायची कशी ते पाहू.

शेंगा पिवळ्या पडू लागल्या की तोडून घ्याव्या. उशीर केला तर त्या फुटतात, बी सांडून जाते. मृगाचा पाऊस झाला की बी टाकावे. वरून थोडी माती पसरावी, कारण हे बी अंधारात रुजते. रोपाला चार-सहा पाने आली की फूटभर अंतराने लावावे. वीतभर वाढले की शेंडा खुडावा. मग बाजूंनी फांद्या फुटतात. झाडे एकमेकांना भिडतात आणि सतरंजी अंथरावी तशी जमीन झाकली जाते.

सदाफुलीला ऊन सोसते, पण मुळाशी साचलेले पाणी सोसत नाही. मुळे कुजतात. काळी माती पाणी धरून ठेवते. म्हणून वाफा चार बोटे उंच करावा. मातीत मुरूम आणि कुजलेले शेणखत मिसळावे. वरची माती सुकली म्हणजेच पाणी द्यावे.

आता महत्त्वाची गोष्ट. साखरेच्या आजारावर काही जण सदाफुलीची पाने खातात. आम्ही सांगतो, असे करू नका. का ते ऐका. याच समजुतीवरून कॅनडा देशातील नोबल आणि बिअर या शास्त्रज्ञांनी पानांचा अर्क उंदरांना टोचून पाहिला. साखर उतरली नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र कमी झाल्या! त्यातूनच 1958 साली कर्करोगाचे औषध हाती आले. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरचे एक औषधही सदाफुलीपासूनच निघाले. पण डॉक्टर ते अगदी थोडे, मोजून, शिरेतून देतात. एका पानात किती विष आहे, हे घरी कोण मोजणार?

तेव्हा सदाफुली दारात लावा, फुले देवाला वाहा. पोरांना पाने चघळू देऊ नका. साखरेचा आजार असेल तर सरकारी दवाखान्यात जाऊन रक्त तपासून घ्या.