धानाचा काटा: आकडा दिसतो, पण तो बरोबर आहे का?

भंडारा म्हणजे धानाचा जिल्हा. खरेदी केंद्रावर धान ४० किलोच्या कट्ट्यात भरलं जातं आणि प्लॅटफॉर्म काट्यावर चढतं. २०२५-२६ च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. या भावावर आपण भरपूर बोलतो. पण हातात येणारा पैसा म्हणजे भाव गुणिले वजन, आणि त्यातल्या वजनाकडे कोणी फारसं बघत नाही. आज बोलायचं आहे ते त्या आकड्याबद्दल. तो काट्यात येतो कुठून, आणि बरोबर करतात कसा?

प्लॅटफॉर्मच्या खाली लोडसेल असतो. लोडसेल म्हणजे धातूचा एक ठोकळा, त्यावर अगदी पातळ तारेच्या पट्ट्या चिकटवलेल्या. वजन पडलं की ठोकळा डोळ्यांना दिसणार नाही इतका वाकतो, पट्ट्या ताणल्या जातात आणि त्यांचा विद्युतरोध बदलतो. आता हिशेब बघा. ३०० किलोच्या काट्याला ५०० किलोचा लोडसेल लावला आहे असं धरू. त्याला ५ व्होल्ट दिले, तर पूर्ण ५०० किलोवर तो साधारण १० मिलिव्होल्ट देतो. म्हणजे ३०० किलोवर ६ मिलिव्होल्ट. काटा ५० ग्रॅमच्या टप्प्याने मोजत असेल तर ३०० किलोत असे ६,००० टप्पे होतात. म्हणजे एका टप्प्याच्या वाट्याला आला एक मायक्रोव्होल्ट, एका व्होल्टचा दहा लाखावा भाग! म्हणून जोडणीच्या डबीत दमट हवा शिरली, उंदराने केबल कुरतडली, प्लॅटफॉर्मखाली धानाचा कोंडा साचून तो टेकला, की आकडा सरकतो. आणि सरकला तरी लाल अक्षरात तितक्याच ठामपणे दिसतो.

इंडिकेटरमध्ये आधी सेटिंग भरतात: क्षमता किती, टप्पा किती, दशांशचिन्ह कुठे. टप्पा ५० ऐवजी १० ग्रॅम ठेवला की काटा जास्त अचूक झाला, असा एक समज आहे. तसं काही होत नाही. लोडसेल तोच, फक्त शेवटचा आकडा नाचायला लागतो. दुसरं सेटिंग आपोआप शून्य धरण्याचं. धूळ बसून काटा थोडा सरकला तर तो स्वतःच शून्यावर यावा, यासाठी ते असतं. पण त्याची मर्यादा सैल ठेवली, तर रिकाम्या काट्यावर हळूहळू पडणारं धानसुद्धा तो धूळ समजून गिळतो.

मग येतं खरं कॅलिब्रेशन. रिकाम्या काट्याला सांगायचं, हे शून्य. मग माहीत असलेलं वजन ठेवून सांगायचं, हे इतके किलो. बस, दोन बिंदू. त्यांच्यामधून काटा सरळ रेष ओढतो. इथेच घोळ होतो. समजा २० किलोचं एकच वजन ठेवून काम उरकलं आणि तिथे २५ ग्रॅमची, म्हणजे अर्ध्या टप्प्याची, चूक राहिली. ती डोळ्यांना दिसतही नाही. पण तीच रेष ३०० किलोपर्यंत लांबवली की चूक पंधरा पट, ३७५ ग्रॅम. म्हणून २० किलोची दहा वजनं रचून २०० किलोवर जुळवावं. हमालाचा घाम निघतो, पण त्याला पर्याय नाही.

आणि हे जागेवरच करावं लागतं. पृथ्वीचं गुरुत्व सगळीकडे सारखं नाही. दिल्लीत जुळवलेला लोडसेलचा काटा भंडाऱ्यात आणला तर ४० किलोला साधारण २० ग्रॅम कमी दाखवेल. कट्ट्याला हे चालून जाईल. पण ५० टनांच्या धरमकाट्यावर हाच फरक २५ किलोच्या वर जातो. इथेच, इथल्या वजनांनी जुळवलं की हा प्रश्न उरत नाही.

त्यानंतर कोपरे. ३०० किलोच्या काट्यावर १०० किलो मधे न ठेवता प्रत्येक कोपऱ्याच्या बाजूला ठेवून बघायचं. हमाल कट्टा नेहमी मधोमध टाकत नाही ना!

कायदा किती चूक चालवून घेतो? या वर्गाच्या, ५० ग्रॅम टप्प्याच्या काट्याला ४० किलोवर पडताळणीच्या वेळी एक टप्पा, म्हणजे ५० ग्रॅम इकडे-तिकडे. वापरात असताना त्याच्या दुप्पट, १०० ग्रॅम. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी आणि मुद्रांकन दर बारा महिन्यांनी करावं लागतं. वैध मापन शास्त्र निरीक्षक ते करतात आणि सील लावतात. सील तोडून केलेली दुरुस्ती कितीही चांगली असो, पुन्हा मुद्रांकन झाल्याशिवाय त्या काट्यावर व्यवहार करता येत नाही.

प्रश्न आला आहे, "आम्ही शेतकऱ्यांनी काय तपासायचं?" सांगतो. रिकाम्या काट्यावर शून्यच हवं. तिथे उणे आकडा दिसत असेल, तर तेवढं वजन तुमच्या प्रत्येक कट्ट्यातून जातंय. मग शिक्का असलेलं २० किलोचं वजन मागा. आधी ते एकटं ठेवा. नंतर पाच कट्टे चढवून त्यांच्यावर ठेवा. दोन्ही वेळा २० च वाढले पाहिजेत. दुसऱ्यांदा १९.८०० वाढले, तर काटा जड वजनाला कमी मोजतोय.

आणि बारदाना. नवीन ज्यूटचं पोतं साधारण ५८० ग्रॅमचं असतं. म्हणजे ४० किलो धानाचा भरलेला कट्टा ४०.५८० भरायला हवा. कोणी "सरसकट ४१" म्हणालं, तर ४२० ग्रॅम जास्त गेले, कट्ट्यामागे जवळजवळ दहा रुपये. शंभर कट्ट्यांचे हजाराच्या आसपास. इथे काट्याचा काहीच दोष नाही. तो ४१ ला ४१ च दाखवतोय. रिकामं पोतं काट्यावर ठेवा, टेअरचं बटण दाबायला सांगा, आणि मग भरायला सुरुवात करा.