पलटणीचं नाव विचारा

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या पट्ट्यात फौजेत माणूस नसलेलं घर शोधावं लागतं. इथल्या एका शाळेत एक निवृत्त सुभेदार सुट्टीवर आलेल्या जवानांना आणि घरच्यांना मोबाइलवरची फसवणूक ओळखायला शिकवतात. परवा मीही जाऊन बसलो.

सुभेदारांनी काही न बोलता एक व्हिडिओ लावला. ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत, मे २०२५ मध्ये, तो खूप फिरला होता: पाकिस्तानी सैन्याने भारताची चौकी उडवली, '२० राज बटालियन' संपली. दुसऱ्यांदा लावल्यावर एक जवान म्हणाला, "साहेब, अशी पलटणच नाही आपल्याकडे." केंद्र सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकनेही तेव्हा हेच सांगितलं होतं, व्हिडिओ बनावट होता. पण पुढच्या बाकावरच्या आईला पलटणीचं नाव ऐकूच आलं नव्हतं. तिला त्या धुरात मुलगा दिसला होता. घाबरून तिने फोन केला की चौकीवरचा मुलगाही हलतो, आणि खोटं पसरवणाऱ्याला तेवढंच हवं असतं.

२०२० मध्ये लष्कराने जवानांना फेसबुक, इन्स्टाग्रामसह ८९ ॲप काढायला लावली. ते गरजेचं होतं, पण पुरेसं नाही. धाकट्या भावाच्या स्टेटसवर 'दादा उद्या निघाला' राहतंच. अशा उघड्या माहितीतून काय साधता येतं हे पाहायला लॅटव्हियातल्या रिगामधल्या नाटोच्या केंद्रातील संशोधकांनी एका लष्करी सरावात खोटी पेजेस आणि ग्रुप उघडून पाहिले. अवघ्या ६० डॉलरांत सुमारे १५० सैनिक ओळखता आले, तुकड्यांची ठिकाणं कळली, काहींना तर हुकूम मोडून जागा सोडायला लावता आली. हा प्रयोग २०१९ मध्ये जाहीर झाला.

सुभेदार सर्वांत जास्त वेळ बोलले ते फसल्यानंतर काय करायचं यावर. मला हेच खरं शिक्षण वाटलं. गोड बोलणारी अनोळखी व्यक्ती आधी गप्पा मारते, मग एखादा फोटो मागते, आणि तोच फोटो दाखवून पुढचं काम सांगते. लाजेने गप्प बसलेला जवान तिच्या मुठीत जातो. अशा वेळी त्याला हिणवणारी भाषणं शत्रूच्याच कामी येतात.

एका जवानाच्या बायकोने विचारलं, "साहेबांना सांगितलं तर नोकरी जाईल का?"

"चौकशी होईल," सुभेदार म्हणाले. "शिक्षाही होऊ शकते, खोटं कशाला सांगू? पण पहिल्याच दिवशी सांगितलं, तर प्रकरण एका फोटोवर थांबेल. चॅट पुसायचं नाही, मोबाइल तसाच साहेबांपुढे ठेवायचा."