बी.कॉम. की बीएएफ? वेळापत्रक पाहून ठरवावा असा प्रश्न

बारावीचा निकाल लागला की जुहू-पार्ले परिसरातील व्यापारी घरांत एकच चर्चा सुरू होते. मुलाने वा मुलीने हिशेबाचे शिक्षण घ्यावे, यावर बहुधा दुमत नसते. रोजमेळ आणि खतावणी पाहतच ती मुले मोठी झालेली असतात. प्रश्न असतो तो पदवीचा. नेहमीचे बी.कॉम. घ्यावे, की बी.कॉम. अकाउंटिंग अँड फायनान्स, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले ‘बीएएफ’?

पर्याय हाकेच्या अंतरावर आहेत. श्री विले पार्ले केळवणी मंडळाचे १९६४ साली स्थापन झालेले नरसी मोनजी महाविद्यालय कूपर रुग्णालयाजवळ आहे, शेजारीच मिठीबाई आहे आणि रेल्वेच्या पलीकडे पूर्वेला डहाणूकर महाविद्यालय. बीएएफमध्ये वित्तीय लेखांकन, परिव्यय लेखांकन, लेखापरीक्षण आणि कर हे विषय खोलवर येतात. बी.कॉम.चा पसारा अधिक रुंद असतो. त्यात अर्थशास्त्र, वाणिज्य, कायदा यांनाही जागा असते. बीएएफ हा विनाअनुदानित अभ्यासक्रम असल्याने त्याचे शुल्क अनुदानित बी.कॉम.च्या कितीतरी पट भरते. नाव भारदस्त आहे म्हणून हा खर्च करू नये.

खरा निर्णय सीए करायचे की नाही, यावर अवलंबून असतो. सनदी लेखापालांच्या संस्थेने २०२३ साली नवी योजना लागू केली. तिच्यानुसार बारावीनंतर फाउंडेशनचे चार पेपर, मग इंटरमिजिएटचे दोन गट, ते दोन्ही उत्तीर्ण झाल्यावर आर्टिकलशिप आणि शेवटी फायनल. आर्टिकलशिप पूर्वी तीन वर्षांची होती, ती आता दोन वर्षांची झाली आहे. फाउंडेशन आणि इंटरमिजिएट पहिल्याच प्रयत्नांत सुटले, तर आर्टिकलशिप पदवीचे शिक्षण चालू असतानाच सुरू होते. त्या काळात पदवी शिक्षण चालू ठेवायला संस्थेची परवानगी घ्यावी लागते आणि कॉलेजची वेळ कार्यालयाच्या वेळेवर येता कामा नये. दुसरीकडे विद्यापीठाचा ७५ टक्के उपस्थितीचा नियम आहेच. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी माहितीपुस्तिकेतील छायाचित्रे पाहण्याऐवजी तिसऱ्या वर्षाचे तास किती वाजता सुरू होतात आणि किती वाजता संपतात, हे कार्यालयात जाऊन विचारावे. सकाळच्या सत्राचे बी.कॉम. आजही सीएच्या विद्यार्थ्यांना सोयीचे वाटते, त्याचे कारण हेच.

मात्र सीएची परीक्षा सर्वांनाच साधत नाही. प्रत्येक पेपरात किमान ४० टक्के आणि गटात एकूण ५० टक्के गुण लागतात. दोन-तीन प्रयत्नांनंतर वाट सोडणारी हुशार मुलेही थोडी नाहीत. अशा वेळी हातात राहते ती पदवी. पुढे पेढीवरच बसायचे असेल, जीएसटीची विवरणपत्रे आणि मालाचा परिव्यय स्वतः समजून घ्यायचा असेल, तर बीएएफमधील खोली कामी येते. पदवी पूर्ण करूनही सीएकडे वळता येते. वाणिज्य पदवीला ५५ टक्के गुण असतील तर फाउंडेशन न देता थेट इंटरमिजिएटला प्रवेश मिळतो. यात काळ अधिक जातो; पण सतराव्या वर्षी मनाची तयारी नसलेल्या मुलासाठी हा मार्ग शहाणपणाचा आहे.

घरातील वडीलधाऱ्यांच्या नजरेतून एक गोष्ट निसटते, ती म्हणजे अकरावीतील गणित. अनेक विद्यार्थी गणिताऐवजी चिटणिसाची कार्यपद्धती हा विषय घेतात. बी.कॉम.ला त्याने अडत नाही, परंतु फाउंडेशनमध्ये गणित, तर्क आणि संख्याशास्त्र यांचा स्वतंत्र पेपर आहे, आणि तोही चुकीच्या उत्तराला गुण कापणारा. चौविहार पाळणाऱ्या घरांत आणखी एक अडचण उभी राहते. खासगी वर्ग बहुधा संध्याकाळी असतात आणि हिवाळ्यात मुंबईचा सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. डबा कधी आणि कुठे उघडायचा, हेही आधी ठरवावे लागते.

एसीसीएची जोड दिलेल्या पदव्यांची जाहिरात अलीकडे वाढली आहे. तिचे तेरा पेपर असून शिक्षणानुसार त्यांतील जास्तीत जास्त नऊ पेपरांत सूट मिळते. परदेशी किंवा बहुराष्ट्रीय कंपनीत नोकरी करणाऱ्यास तिचा उपयोग आहे. भारतात कंपनीच्या वैधानिक लेखापरीक्षणावर सही करण्याचा अधिकार मात्र व्यवसायात असलेल्या सीएचाच. नातेवाइकांच्या कंपन्यांचे काम पाहण्याचे स्वप्न असेल, तर हा फरक पालकांनी आधीच जाणून घ्यावा.

शेवटी प्रवेशाविषयी. केळवणी मंडळाच्या महाविद्यालयांना गुजराती भाषिक अल्पसंख्याक दर्जा आहे. जैन समाजाला जानेवारी २०१४ मध्ये मिळालेला राष्ट्रीय अल्पसंख्याक दर्जा धार्मिक आहे, भाषिक नव्हे. त्यामुळे सांगली, कोल्हापूर किंवा सोलापूरहून येणाऱ्या मराठीभाषक जैन कुटुंबाला केवळ जैन असल्याच्या प्रमाणपत्रावर त्या राखीव जागांवर दावा सांगता येत नाही. तेथे मातृभाषा गुजराती असल्याचा पुरावा लागतो. खुल्या जागांच्या यादीतील गुणांची चुरस लक्षात घेऊन अशा कुटुंबांनी दोन-तीन महाविद्यालयांत अर्ज करावेत. मुंबई विद्यापीठाची प्रवेशपूर्व ऑनलाइन नोंदणी त्याआधी करावी लागते. गुजरातीभाषक कुटुंबांनीही शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील मातृभाषेची नोंद निकालाच्या आधीच तपासून घ्यावी. ती दुरुस्त करण्यात आठवडे जातात आणि याद्या तोवर थांबत नाहीत.