घरच्या उशीला काठाचा अभ्रा

खेड्यातल्या कोणत्याही घरी जा, माजघरात ट्रंकेवर गाद्यांची चळत रचलेली दिसेल. चळतीच्या माथ्यावर दोन-चार उशा. पांढरेशुभ्र अभ्रे, कोपऱ्यात गुलाबाचे फूल, दोन हिरवी पाने आणि खाली रंगीत दोऱ्याने भरलेले 'गुड नाइट'. या उशा पाहुण्यांच्या. घरच्या माणसांच्या उशा निराळ्या. गादीपाटाच्या, डोक्याच्या तेलाने मधोमध काळपट पडलेल्या, आणि बहुतेक अभ्र्याविना. रात्रपाळीचे पाणी पाजून पहाटे घरी आलेला माणूस त्याच उशीवर डोके टेकतो. म्हाताऱ्या माणसांचे तर विचारूच नका. जुन्या लुगड्याची वळकटी उशाला घेतली की त्यांचे भागले.

आज घरच्या रोजच्या उशीसाठी सुती अभ्रा कसा शिवावा ते सांगते. त्याला शोभा यावी म्हणून जुन्या लुगड्याचा किंवा सुती साडीचा काठ लावायचा. आठवड्याच्या बाजारात झुळझुळीत तयार अभ्रे मिळतात, नाही असे नाही. पण ते बहुधा कृत्रिम धाग्याचे असतात. घाम शोषत नाहीत, उन्हाळ्यात मानेला चिकटतात, आणि उशी रात्रभर त्यांच्यातून घसरत राहते. अभ्र्याला सुतीच कापड हवे. जाड मांजरपाट चालेल. मऊ हवे असेल तर पोपलीन घ्यावे.

साहित्य : ४५ इंच पन्ह्याचे सुती कापड २ मीटर (यात दोन अभ्रे होतात), जुन्या लुगड्याच्या काठाच्या २१-२१ इंचांच्या दोन पट्ट्या, कापडाच्या रंगाचे एक रीळ, काठाच्या रंगाचे एक रीळ, टेप, कात्री, टाचण्या. शिवणयंत्र असेल तर काम एका दुपारचे. नसेल तर हाताने उलटी टीप घालून दोन-तीन दुपारी लागतील. टीप मात्र बारीक घाला.

कात्री हाती घेण्याआधी माझी एक फजिती ऐका, म्हणजे तुमचे कापड वाचेल.

माझ्या लग्नाला दोन वर्षे झाली होती. आत्याबाईंचे, म्हणजे माझ्या सासूबाईंचे, एक इरकली लुगडे होते. त्यांच्या आईने घेतलेले. आमच्या कोल्हापूर-निपाणीकडे तेव्हा म्हाताऱ्या बायकांच्या अंगावर इरकलच असायचे. इळकल हे गाव कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात. तिथल्या हातमागावरच्या लुगड्याचे अंग सुती आणि काठ रेशमी, त्यामुळे अंग विरून चाळण झाले तरी काठ उभा राहतो. आत्याबाईंच्या लुगड्याचेही तेच झाले होते. बरेचसे वाकळेत गेले होते. पदराजवळचा हातभर आणि चार बोटे एवढा तुकडा उरला होता, त्याला दोन्ही बाजूंचे लाल काठ. तो त्यांनी माझ्यापुढे टाकला आणि म्हणाल्या, "ह्याचं कायतरी कर. ऱ्हायलंय ते एवढंच."

मी बाजारातून मांजरपाट आणला आणि त्याच दिवशी बेतून, काठ लावून, दोन्ही अभ्रे शिवून मोकळी झाले. दिसायला दृष्ट लागावी असे झाले होते. पहिल्या धुण्याला मात्र सगळा अवतार झाला. कापड आटले आणि काठाला आडव्या चुण्या पडल्या, शेंगेच्या सालीसारख्या. इस्त्री फिरवली, ओढून पाहिले, चुण्या हटेनात. मला वाटले, काठ गेला. रडकुंडीला येऊन आत्याबाईंना दाखवले. त्यांनी अभ्रा उजेडाला धरला आणि म्हणाल्या, "अगं, काठाला काय झालंय? तुझं कापड आटलंया. माझं लुगडं वीस वर्सं धुतलंया, ते आता कशाला आटतंय?"

शिवणाच्या पुस्तकात जे पान-दोन पान लिहितात ते त्यांनी एका वाक्यात सांगितले. नवे सुती कापड धुतल्यावर आटते. कोऱ्या मांजरपाटाच्या शंभर इंचांतले पाच ते दहा इंच सहज जातात. जुना काठ आटायचा तेवढा केव्हाच आटून बसलेला असतो. दोघे जोडले की एक आखडतो, दुसरा आखडत नाही, आणि चुण्या पडतात. तेव्हा नवे कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजत घालावे, सकाळी साबणाने धुवावे, न पिळता सावलीत वाळत घालावे, आणि थोडे दमट असताना इस्त्री करावी. खळ निघून जाते आणि आटायचे तेवढे आटते. त्यानंतरच बेतावे. वर २ मीटर म्हटले आहे ते हे आटणे धरूनच.

काठाचीही एक परीक्षा आहे, रंगाची. जुना आहे म्हणून रंग जाणार नाही असे समजू नका, लाल आणि काळ्या काठांवर तर मुळीच विश्वास ठेवू नका. काठाचे टोक ओले करून पांढऱ्या चिंधीत दाबावे आणि वरून कोमट इस्त्री फिरवावी. चिंधीला डाग पडला तर तो काठ पांढऱ्या कापडावर लावू नये. त्याच रंगाच्या गडद कापडाला लावावा. काठ कृत्रिम धाग्याचा असेल तर इस्त्री अगदी कोमटच हवी, नाहीतर वितळून चिकटेल.

आता माप. उशी नुसती लांबी-रुंदीने मोजू नका, फुगीर उशीचे माप फसवते. टेप उशीच्या पोटाभोवती फिरवून घ्या. जे येईल त्याचे निम्मे करून त्यात १ इंच मिळवा, ही अभ्र्याची रुंदी. लांबीही उशीच्या फुगवट्यावरून घ्या आणि १ इंच मिळवा. उशी पिंजाऱ्याकडून पिंजून, खोळ बदलून आणायची असेल तर आधी ते काम उरका, मग मापे घ्या. साधारण १७ इंच रुंद आणि २७ इंच लांब उशीला तयार अभ्रा १८ बाय २८ इंचांचा लागतो. पुढचा हिशेब याच मापाचा आहे.

या अभ्र्याला बटण, काज, नाडी काही नाही. पाकिटाला असतो तसा आत वळणारा पदर असतो. कापड लांबीला ६५ इंच आणि रुंदीला १९ इंच कापावे. ६५ चा हिशेब असा : पुढची बाजू २८, मागची बाजू २८, आतला पदर ७, आणि दोन टोकांच्या दुमडी मिळून २. रुंदीत दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच शिवणीसाठी धरला आहे. ४५ पन्ह्यात असे दोन तुकडे शेजारी शेजारी बसतात. ३६ पन्ह्याचेच कापड मिळाले तर २ मीटरमध्ये एकच अभ्रा होईल. उरलेल्या लांब पट्टीत पाळण्यातल्या बाळाच्या उशीचे काम होते.

पदराच्या टोकाला पाव-पाव इंच दोनदा दुमडून टीप मारा. दुसऱ्या टोकाला आधी अर्धा इंच, मग १ इंच दुमडून रुंद पट्टी करा. ही उशीच्या तोंडाशी येते आणि ओढाताण तिलाच सोसावी लागते, म्हणून तिला दोन टिपा.

आता काठ. बाजू शिवण्याआधीच तो लावायचा, हे विसरू नका. कापड सुलट बाजू वर करून पसरा. पदराच्या टोकापासून १० इंचांवर खडूने आडवी रेघ ओढा. पहिले ७ इंच पदराचे, म्हणजे काठ अभ्र्याच्या तोंडापासून ३ इंच आत येतो. काठ मधोमध कधीच लावू नये. तिथे गाल टेकतो, आणि रेशमाची कड रात्रभर टोचते. काठ लुगड्यापासून कापताना अंगाकडचे पाव इंच कापड राहू द्या, ते आत दुमडता येते. बाहेरची कड मुळातच विणीची असते, ती उसवत नाही, दुमडायचीही गरज नाही. पट्टी रेघेवर ठेवा, टाचण्यांनी पक्की करा, कच्चा धावदोरा घाला, मग दोन्ही कडांना काठाच्या रंगाच्या दोऱ्याने टीप मारा. दोन्ही टिपा एकाच दिशेने मारा. एक इकडून आणि एक तिकडून मारली तर काठ तिरका ओढला जातो. पट्टीची दोन्ही टोके कापडाच्या कडेबरोबर कापून टाका, म्हणजे ती बाजूच्या शिवणीत आपोआप दडतात.

हौस असेल तर काठाच्या आतल्या अंगाला साखळी टाक्याची एक वेल काढावी. सहापदरी दोऱ्यातले दोनच पदर घ्या. लांब लांब भरीव टाके मात्र नकोत. कानातल्या कुड्या, बांगड्या आणि पोरांची बोटे त्यांत अडकतात आणि फूल आठ दिवसांत लोंबू लागते. टिकल्या आणि मणी भिंतीवरच्या तोरणाला ठेवा.

आता घडी. कापड सुलट बाजू वर असे पसरा, पदराचे टोक डाव्या हाताला. उजवीकडचे रुंद पट्टीचे टोक उचलून डावीकडे आणा. त्याची कड पदराच्या टोकापासून बरोबर ७ इंचांवर यायला हवी. आता डावीकडचा ७ इंचांचा पदर त्याच्यावर उजवीकडे दुमडा. काठ आत झाकला गेला म्हणजे घडी बरोबर. दोन्ही बाजू अर्धा इंच आत टिपून घ्या. पदराच्या जागी तीन पदर येतात, तिथे टीप पुढे-मागे फिरवून पक्की करा. कच्च्या कडांना हाताने तिरपे टाके घाला. अभ्रा उलटा, कोपरे चमच्याच्या दांड्याने बाहेर काढा. उशी घालून तिचे टोक आतल्या पदराखाली सारा. पोरांनी कितीही लाथाळले तरी उशी बाहेर येत नाही.

धुताना एक पथ्य. पांढरे कपडे सोड्यात उकळण्याची आपली रीत आहे, पण रेशमी काठाचा अभ्रा उकळायचा नाही. त्यासाठी मी आत जुन्या धोतराचा साधा अभ्रा घालते. तेल तोच पितो, आणि तो खुशाल उकळावा. वरचा अभ्रा कोमट पाण्यात हाताने चुबकून सावलीत वाळवावा.

माझ्या त्या फजितीचे पुढे असे झाले की, आत्याबाईंनी एक अख्खी दुपार दारात बसून सुईच्या टोकाने एकेक टाका उसवला. काठाचा एक धागा तुटू दिला नाही. आटलेले अभ्रे उशीला पुरेनात, ते पोराच्या उशीला कापून घेतले. नवा मांजरपाट आणून या खेपेला दोनदा धुतला आणि काठ त्याच्यावर चढवला. झालेले अभ्रे आत्याबाईंनी घडी करून ट्रंकेत टाकले. म्हणाल्या, "पावनं आलं की काढू."

दोन महिन्यांत तीनदा पाहुणे आले, पण अभ्रे काही निघाले नाहीत. शेवटी एक दिवस त्या भांगलणीला गेल्या असताना मीच ट्रंक उघडली आणि त्यांच्या उशीला एक अभ्रा चढवला. रात्री काही बोलल्या नाहीत. सकाळी अंथरूण काढायला गेले तर उशी पालथी, काठ खाली दडवलेला. मी सुलटी करून ठेवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पालथी. विचारले तर म्हणाल्या, "डोकं घासून काठ झिजंल गं."

आज त्या लुगड्याची आठवण म्हणून घरात तेवढेच दोन काठ आहेत. एक माझ्या उशीला आहे. दुसरा त्यांच्या उशीला, आणि ती उशी मला रोज सकाळी पालथीच सापडते.